मिस्टर फौजेतून पेन्शनवर आले, पण घरात रमत नाहीत. काय करावं?

वावरकरीण (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. इथलं वाचत असते, लिहिते पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे हे मागच्या उन्हाळ्यात पेन्शनवर आले. सगळी नोकरी इन्फंट्रीत, त्यातली बरीच काश्मीरात कुपवाड्याकडे. आले त्या दिवशी एसटी स्टँडपासून घरापर्यंत डीजे, गुलाल, फटाके. लड पेटली तेव्हा यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होते. संध्याकाळी ग्रामपंचायतीनं शाल-श्रीफळ दिलं. सगळं छान झालं.

त्यानंतर घरात हे कुठं बसतच नाहीत. रात्री झोप नाही. दोन-अडीचला उठून ओसरीत बसतात, दाराकडे तोंड करून. पेरण्या झाल्या तशी जागल (रात्रीची पिकाची राखण) सुरू झाली, तेव्हापासून रोज रात्री वावरात. आपल्या वावराची झाली की दिराच्या, मग शेजाऱ्याच्याही. गावात सगळे म्हणतात, फौजी माणूस, रोही (नीलगाय)-डुक्कर त्याच्या धुऱ्याला पाय लावत नाही. मला माहीत आहे की हे जागलीला जातात ते घरात झोप लागत नाही म्हणून. आमच्याकडे डुकरं हाकलायला सुतळी बॉम्ब फोडतात. तो फुटला की हे जमिनीवर आडवे. एकदा शेजारचं पोट्टं हसलं, त्या घराशी बोलणं बंद आहे.

मुलगा सातवीत. त्याला काही लागलं की "आईला विचारतो" म्हणतो आणि यांच्यासमोरून निघून जातो. हे त्याला पाचला उठवतात, पांघरुणाची घडी नीट नाही म्हणून ओरडतात. मुलगी तर हे आत आले की बोलायचीच थांबते. वावराचं सगळं इतकी वर्षं दिरानं पाहिलं. कोणतं बियाणं, कोणाकडून उधारी, मजूर कुठून आणायचे, हे यांना ठाऊक नाही. यांनी काही सुचवलं की दीर म्हणतात, "दादा, तू आत्ता आला." ते वाईट बोलत नाहीत, पण यांना लागतं.

सासूबाईंचं म्हणणं बाहेरचं काही आहे, एका बाबाकडे न्यायचं. मला ते करायचं नाही. मला इतकंच हवं आहे की ज्यांच्या घरी हे झालं त्यांनी सांगावं, कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि यांच्याशी बोलायचं कसं.

कोरडवाहू

ताई, राग नका मानू, मले जे दिसते ते बोलतो. महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते, दवाखाना फुकट, घरपट्टी माफ. आमच्या इकडं सोयाबीन काढून पाहा, मजुरी निघत नाही. माणसाले काम नसलं की डोकं फिरते. त्याच्या हातात दोन एकर पूर्ण देऊन टाका, नफा-तोटा त्याचा. महिनाभरात झोप लागते का नाही पाहा.

हवालदार_रि. (बुलढाणा)

वावरकरीण ताई, तुम्ही लिहिलं ते आमच्या घरचंच वाटलं. मी पण इन्फंट्रीचा, दोन टेन्युअर काउंटर-इन्सर्जन्सीत, म्हणजे अतिरेक्यांविरुद्धच्या ड्यूटीत.

कोरडवाहू भाऊ, पेन्शन येते हे खरं आहे, आणि शेतकऱ्याचं दुखणं मी जाणतो, माझा बाप कापूसच पिकवत होता. घरपट्टी 2020 पासून माफ आहे हेही खरं. पण पैसा आल्यानं रात्र जात नाही राजेहो. एक सांगतो. फौजेत जवानाले वर्षाची 60 दिवस सुटी आणि वरून 30 दिवस कॅज्युअल. त्यातही पोस्टवर माणसं कमी असली की तुकड्यातुकड्यानं भेटते. जम्मूहून दिल्ली, दिल्लीहून जीटी नाहीतर जे भेटंल ते पकडून नागपूर, तिथून एसटी. घरी आलो की कोंबडं कापलं जाते, आत्याबाई भेटायले येतात, लेकरं अंगावर चढतात. सुटीवरचा फौजी घरचा पाहुणा असते. त्याले कोणी हिशेब दाखवत नाही, भांडण सांगत नाही, बिचारा चार दिवस आला म्हणून. असं पंधरा-वीस वर्षं चालते. मग तो कायमचा येते, आणि आठ दिवसांनी घराले समजत नाही की आता याचं करायचं काय.

तिकडं सकाळी फॉल-इन, संध्याकाळी गिनती. कोण कुठं उभा राहीन, कोणाच्या मागं कोण चालीन, सगळं ठरलेलं. संतरी ड्यूटी दोन-दोन तासांची. पोस्टवर माणूस बूट घालून झोपते. शरीर ते शिकून घेते, आणि डिस्चार्ज बुक हातात आलं म्हणून विसरत नाही. दाराकडे तोंड करून बसणं, लग्नात भिंतीले पाठ लावून उभं राहणं, अनोळखी गाडी गावात आली की नंबर पाहणं, हे मी आजही करतो. त्याच सवयीनं तिथं जीव वाचला आहे, ते त्याले चूक वाटत नाही.

आणि हे पण समजून घ्या, तो तुम्हाले काऊन सांगत नाही. फौजेत मेडिकल कॅटेगरी असते, शेप म्हणतात. त्यातला पहिला भाग मनाचा. "शेप-वन", म्हणजे पूर्ण फिट असला तर प्रमोशन, कोर्स सगळं सुरळीत. झोप येत नाही असं एमओले (फौजी डॉक्टरले) सांगितलं आणि खालची कॅटेगरी लागली, तर हातात हत्यार देत नाहीत, सोबतचे वेगळ्या नजरेनं पाहतात. म्हणून जो तो "ठीक हूँ साहब" म्हणून परत येते. वीस वर्षं "ठीक हूँ" म्हणणारा माणूस बायकोले एका दिवसात कसा सांगीन?

त्याले माझ्यासारख्या कोणाशी भेटवा. तालुक्याच्या ठिकाणी माजी सैनिक संघटना असतेच. त्या बैठकीत सुरुवातीले फक्त युनिटच्या गोष्टी निघतात, कोण कुठं होता, कोणाचा सीओ कसा होता. दोन-तीन बैठकांनी बाकीचं आपोआप निघते.

सिस्टर_विदर्भ

मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, आधी उपकेंद्रात होते. ताई, तुम्ही जे लिहिलंत त्यात आम्ही विचारतो ते जवळपास सगळं आलं आहे. आवाजाला दचकणं, झोप तुटणं, सतत पहारा दिल्यासारखं जागं राहणं, माणसांपासून दूर जाणं, लहान कारणावरून संताप. हे महिनाभराहून जास्त टिकलं आणि घर-काम बिघडवू लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ही बाहेरची बाधा नाही. सासूबाईंशी वाद घालू नका, "दवाखान्यात पण दाखवू" एवढंच म्हणा.

कुठे जायचं: हे पेन्शनर आहेत, म्हणजे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) लागू आहे. ही योजना 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली, त्यानंतर निवृत्त झालेल्यांना तिचं सभासदत्व घ्यावंच लागतं. तिच्या दवाखान्यातल्या, म्हणजे पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना सगळं सांगा, ते तज्ज्ञांकडे किंवा कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलला रेफर करतात. बायको-मुलांनाही ती सोय आहे, म्हणजे तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर तुम्हीही दाखवू शकता. तेवढा प्रवास लगेच जमत नसेल तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, तिथे कार्ड वगैरे काही लागत नाही. आणि आज रात्री कोणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचाच वेगळा कक्ष सुरू झाला.

औषधांबद्दल आधीच सांगते, कारण इथेच माणसं सोडून देतात. बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडतं, सुस्ती येते, आणि पेशंट म्हणतो "यानं तर अजून बिघडलं". बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. गोळ्यांच्या जोडीला बोलण्याचा उपचारही असतो, तो मागून घ्या.

एक विचारते, उत्तर इथे द्यायचं नसेल तर मेसेज करा. दारू आहे का? घरात बंदूक आहे का? फवारणीचं औषध कुठे ठेवता?

वावरकरीण

सिस्टर, इथेच सांगते, अजून कोणाला उपयोग होईल.

दारू आहे. फौजी कॅन्टीनची येते. पहिले पाहुण्यांसाठी म्हणून, आता रात्री एकटे घेतात. म्हणतात, त्याशिवाय डोळा लागत नाही. बंदूक आहे, नागपूरला बँकेत गार्डची नोकरी बघत होते म्हणून लायसन काढलं आणि बंदूक विकत घेतली. नोकरीचं अजून झालेलं नाही. औषधं न्हाणीच्या बाजूला फळीवर असतात, सगळ्यांकडे तशीच असतात.

काल जेवताना मी म्हटलं, आपण एकदा डॉक्टरला विचारू. ताट सारून उठले. "मी काय पागल झालो का?" मुलं पाहत होती. त्यांनी हात कधीच उगारलेला नाही, हे लिहायला पाहिजे.

सिस्टर_विदर्भ

धीरानं लिहिलंत. दारूनं डोळा लागतो, पण झोप कच्ची होते आणि पहाटे धडधड घेऊन जाग येते, मग दुसऱ्या दिवशी थोडी जास्त लागते. हे त्यांना घरात कोणी सांगू नका, डॉक्टरांना सांगू द्या. आणि रोज घेणाऱ्यानं एका दिवसात स्वतःहून बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके असा त्रास होऊ शकतो, म्हणून तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

फवारणीची औषधं आजच पेटीत कुलूप लावून ठेवा, किल्ली दिराकडे. बंदुकीचं मी ठामपणे सांगते, ती सध्या घरात नको. कशी आणि कुठे जमा करायची ते हवालदार साहेब जास्त नीट सांगतील. या दोन गोष्टी मी प्रत्येक घराला सांगते, त्यात तुमच्या माणसावर संशय नाही. वाईट रात्र निघून जाते, तेवढी रात्र हाताशी काही नसलं पाहिजे. त्यांनी कधी "माझं काय काम उरलं", "मी नसलो तर बरं" असं म्हटलं, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना.

मला अजून एका गोष्टीचा फार त्रास होतो. 2015 पासून आपल्याकडे प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन झोप-जेवण-निराशा विचारतात. कितीतरी माणसं त्यातून उपचाराला लागली. पण फौजीच्या घरी तीच आशाताई विचारत नाही. पक्कं घर, पेन्शन, भिंतीवर मेडल, इथे काय विचारायचं असं तिला वाटतं. मी माझ्या मीटिंगमध्ये ही घरं यादीत घ्यायला सांगितलं आहे.

हवालदार_रि. (बुलढाणा)

बंदूक लायसनवाल्या शस्त्रविक्रेत्याकडे ठेवता येते, पावती भेटते. पोलीस ठाण्यातही जमा करता येते. मी बोलतो त्याच्याशी. फौजीले फौजीनं हत्यार जमा करायले सांगितलं तर तो अपमान मानत नाही, कोतमध्ये (युनिटच्या हत्यारखान्यात) रोज जमाच करत होता तो.

गडचिरोलीकर

इथं सगळे ईसीएचएस आणि कॅन्टीनचं बोलून राहिले, म्हणून लिहितो. माझा भाऊ सीआरपीएफमध्ये. गोळी तीच, बर्फ तोच, पण तो कागदावर माजी सैनिक होत नाही. 2012 मध्ये गृहखात्यानं "माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी" असा वेगळा दर्जा दिला, पण ईसीएचएस त्याला नाही, 2004 नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही नाही. पुलवामात फेब्रुवारी 2019 ला 40 जवान गेले, त्यात दोघं बुलढाणा जिल्ह्याचे होते. तेव्हा गावोगावी मेणबत्त्या लागल्या. त्याच दलातला जिवंत माणूस घरी आला की त्याला तालुक्याच्या कोणत्याच खिडकीवर ओळखत नाहीत. तो जिल्हा सैनिक कार्यालयात गेला, तर ते म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. निवृत्त झाल्यावर सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) मिळते, पण त्यासाठी इथून नागपूर गाठावं लागते.

आणि आमच्याकडे तर सी-60 चे, नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या पोलीस पथकाचे, पोट्टे आहेत. 1990 ला हे पथक उभं झालं, तेव्हापासून भरती याच जिल्ह्यातली. त्यांची "पोस्टिंग" म्हणजे शेजारचा तालुका. 1 मे 2019 ला जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेले. त्यांच्यासोबतचे जे राहिले ते संध्याकाळी घरी येऊन जेवतात आणि सकाळी पुन्हा जंगलात. कित्येकांना स्वतःच्या गावात मुक्काम करता आला नाही, आईबापाले गडचिरोलीत भाड्याच्या खोलीत आणून ठेवलं. वावर पडीत. ज्याले गावच उरलं नाही त्यानं घरी परत यायचं म्हणजे कुठं यायचं, हे मला कोणी सांगावं.

फौजीची_पोरगी

वावरकरीण ताई, मी तुमच्या मुलीच्या जागी होते. बाबा आले तेव्हा मी आठवीत. आता नोकरी करते, म्हणून मुलांच्या बाजूनं लिहिते.

आम्हाला बाबांची भीती वाटायची, पण त्याहून जास्त अवघडल्यासारखं व्हायचं. फोनवरचे बाबा वेगळे होते. रविवारी फोन यायचा, "अभ्यास चालू आहे ना?" "हो." "आईला त्रास देऊ नको." "नाही." झालं. एवढ्या बोलण्यावर आम्ही मोठे झालो, आणि एके दिवशी तो माणूस घरात राहायला आला. आईनं आमच्या दोघांच्या मध्ये उभं राहणं थांबवलं तेव्हा फरक पडला. आधी ती आमचं त्यांना सांगायची, त्यांचं आम्हाला. मग ती म्हणू लागली, फीचं बाबांना विचार, सहीला बाबांकडे जा. पहिले दोन महिने फार ओढाताण झाली. पण शाळेत बाबा आले, सरांशी बोलले, वर्ग कुठला ते त्यांना माहीत झालं.

दुसरं म्हणजे गावातली भरतीची पोरं. आमच्याकडे पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळतात. बाबा त्यांना 1600 मीटरची प्रॅक्टिस करवून घ्यायला लागले. सगळे म्हणतात यानं बाबा बरे झाले. नाही. त्यांच्या सकाळी बऱ्या झाल्या. रात्री बऱ्या झाल्या त्या औषधानं आणि डॉक्टरांमुळे, आणि त्याला वर्षाहून जास्त लागलं. मध्ये दोनदा सोडलं, पुन्हा सुरू केलं. पोरं पळवली की सगळं ठीक होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन्ही करा.

कोरडवाहू

वावराचं विचारतो, कारण मूळ भांडण तिथं पेटते. सातबारावर ताईच्या मालकाचं नाव हाय का? आमच्या गावात एक फौजी आला, तवर भावानं अर्धं वावर ठेक्यानं देऊन टाकलं होतं, धुरा पण सरकला होता. तो मोजणी आणा म्हणे, भाऊ म्हणे आता आला अन् हिस्सा मागते. बोलणं बंद, शेवटी बुढा-बुढीचे हाल.

वकील_तालुका

कोरडवाहू यांनी योग्य जागी बोट ठेवलं. ताई, आधी सातबारा आणि फेरफार काढून बघा. नाव असेल आणि दोघं भाऊ राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो, कोर्टाची पायरी नको. वाटणी झाली तरी एकत्र वाहता येते, फक्त कोणाचं काय ते कागदावर राहतं आणि मनातलं निघून जातं.

जे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी: इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, 1925 अजून लागू आहे. जवान विशेष परिस्थितीत तैनात असताना गावाकडे त्याच्याविरुद्ध दावा लागला, तर कोर्टाला कळवून काम थांबवता येतं, त्याच्या माघारी एकतर्फी निकाल होऊ नये म्हणून. घरच्यांनी समन्स आलं की लपवू नका, त्याच्या युनिटला कळवा. "तिकडं त्याला टेन्शन नको" म्हणून समन्स दडवून ठेवलेली प्रकरणं माझ्याकडे येतात, आणि तोवर हुकूमनामा झालेला असतो.

आजाराचं अपंगत्व पेन्शनमध्ये धरलं नसेल तर त्याचीही अपील आहे, पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात सांगितलं की भरतीवेळी नोंद नसलेला आजार पुढे सेवेत दिसला आणि त्यामुळे माणूस बाहेर पडला, तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं, तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. 2023 मध्ये नियम नव्यानं आलेत, त्यामुळे तारखा बघून सल्ला घ्यावा लागेल. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाचा कागद जपून ठेवा.

अग्निवीराचा_बाप

सगळं वाचलं. माझं पोरगं पहिल्या तुकडीतलं, जानेवारी 2023 ला ट्रेनिंगले गेलं. चार वर्षं झाली की 25 टक्के राहतील, बाकी घरी. हाती सेवानिधीचे (जाताना मिळणारी एकरकमी रक्कम) 11 लाख 71 हजारांच्या आसपास. पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. तो पण पोस्टवर उभा राहिला आहे. त्याले झोप नाही आली तर मी त्याले कोणत्या खिडकीवर नेऊ?

सिस्टर_विदर्भ

काका, सरकारी रुग्णालयाची मनोविकार ओपीडी आणि 14416 याला कोणताच दर्जा लागत नाही, तिथे त्याला नक्की न्या. बाकीचं जे मिळायला पाहिजे ते मिळत नाही, हे खरं आहे, आणि ते मागत राहावं लागेल. पोरगा येईल तेव्हा पहिल्याच महिन्यात सेवानिधीवर नातेवाइकांची नजर जाते, ती रक्कम त्याच्याच नावानं राहू द्या.

वावरकरीण

सगळ्यांचे आभार. दिरांना मी हा धागा वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, रब्बीचा खर्च दादासोबत बसून लिहितो. औषधांची पेटी त्यांच्याकडे गेली. हवालदार साहेबांचा फोन आला तेव्हा हे ओट्यावर जाऊन बोलले, पाऊण तास तरी. काय बोलले ते मी विचारलं नाही. रात्री म्हणाले, मंगळवारी हवालदार साहेब येणार आहेत, त्यांच्यासोबत पॉलिक्लिनिकला जाऊन येतो, गुडघा दाखवायचा आहे. गुडघ्याचं नाव आहे, चालेल मला. कागद कोणते द्यायचे आणि मी सोबत जाऊ की नको?

हवालदार_रि. (बुलढाणा)

ईसीएचएस कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स, आणि असतील ते सगळे मेडिकलचे कागद. गुडघा पण खरंच दाखवू, आमच्या सगळ्यांचे गुडघे गेले आहेत. तुम्ही सोबत या वहिनी. गुडघ्याचं तो सांगीन, रात्रीचं डॉक्टरले तुम्हीच सांगा. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा, ओपीडीले गर्दी असते.